पॅनेलवर लॅपटॉप दिसतो पण बोट लावलं की काहीच होत नाही: वायरलेस टच परत कसा जातो

सर, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. सांगलीत विश्रामबागला तुमचा क्लास आहे, ७५ इंची टच पॅनेल घेतलंय, एचडीएमआय आणि यूएसबी अशा दोन केबली लावल्या की पॅनेलवर बोट फिरवून लॅपटॉप व्यवस्थित चालतो. पण वायरलेस केलं की गणिताच्या सरांच्या लॅपटॉपचं चित्र झकास दिसतं आणि टच मात्र अजिबात नाही. मॅडमच्या लॅपटॉपवर पॅनेलसोबत आलेलं कास्टिंगचं सॉफ्टवेअर टाकलंय, तिथं टच लागतो पण बोटापासून बाजूला लागतो. अँड्रॉइड फोन आणि आयपॅड नुसतेच दिसतात, टचचं नाव नाही. डीलर म्हणतोय राउटर बदला. आणि तुमचा पुतण्या रास्पबेरी पाय या छोट्या स्वस्त कॉम्प्युटरवर स्वतःचा रिसीव्हर, म्हणजे वायरलेस चित्र घेणारं यंत्र, बनवायला बसलाय, त्याला हे सगळं आतून कसं चालतं ते पाहिजे.

राउटर आत्ता लगेच बदलू नका. चित्र चांगलं येतंय म्हणजे वायफाय धडधाकट आहे, कारण सगळा जड माल चित्राचाच असतो, टचचा माल त्याच्यापुढं काहीच नाही. सांगली-मिरजेपासून कराडपर्यंत हेच पॅनेलचं काम करतो आणि सगळीकडं हीच तक्रार ऐकतो, आणि कारण बहुतेक वेळा एकच निघतं: चित्र जाण्याचा रस्ता आणि टच परत येण्याचा रस्ता हे दोन वेगळे रस्ते आहेत, आणि दुसरा कुणी चालूच केलेला नसतो.

तुमच्या केबलवरच बघा. एचडीएमआयमधून टच जातच नाही, ती केबल लॅपटॉपकडून पॅनेलकडं चित्र आणि आवाज नेते, रिमोटच्या बटणांसाठी सीईसी नावाची एक बारीक सोय तिच्यात आहे तेवढीच. टच येतो तो पॅनेलच्या मागच्या चौकोनी यूएसबीतून, म्हणून दोन केबली लावाव्या लागतात. आता वायरलेस करताना तुम्ही एचडीएमआयची जागा भरलीत, यूएसबीची जागा कुणी भरली? तीच भरायची गोष्ट आहे.

पहिला लॅपटॉप घेऊ, गणिताच्या सरांचा. तो विंडोजच्या आतल्याच सोयीनं जोडलाय, म्हणजे मिराकास्ट. हे वाय-फाय अलायन्सचं २०१२ सालचं प्रमाणपत्र, साधारणपणे राउटर मध्ये न घेता वाय-फाय डायरेक्टनं दोन यंत्रं थेट जोडतं. ज्याचा स्क्रीन दाखवायचा तो सोर्स, ज्याच्यावर दिसतो तो सिंक. चित्र एच.२६४ या व्हिडिओच्या प्रकारात दाबून यूडीपीवरनं जातं, म्हणजे हरवलेला तुकडा परत न पाठवणाऱ्या पद्धतीनं. आणि टच परत आणायला त्यात एक वेगळी वाट ठेवलेली आहे, तिचं नाव यूझर इनपुट बॅक चॅनेल, सगळे यूआयबीसी म्हणतात. ही वाट ऐच्छिक आहे हे नीट लक्षात घ्या. पॅनेलच्या खोक्यावर मिराकास्ट छापलंय याचा अर्थ चित्र येणार एवढाच, टच परत जाईलच असं कुठं लिहिलेलं नसतं आणि विकणारे लोक हे सांगत नाहीत.

जोडणी होताना काय होतं ते सांगतो, कारण टच कुठं अडकला ते इथूनच कळतं. आधी दोघं आरटीएसपी नावाच्या बोलणीच्या ठरलेल्या भाषेत बोलतात, नेहमीचं पोर्ट म्हणजे जोडणीचं नंबराचं दार ७२३६, आणि ऐकत बसतो सोर्स म्हणजे लॅपटॉप, जोडायला येतं पॅनेल. मग एम३ नावाच्या संदेशात लॅपटॉप विचारतो की तुला काय काय येतं, कुठलं रिझोल्यूशन, कुठला आवाज, आणि इनपुट परत पाठवता येतं का. पॅनेल उत्तर देतं. त्या उत्तरात इनपुटच्या जागी 'नन', म्हणजे काहीच नाही, असं आलं तर विषय तिथंच संपला, तुम्ही लॅपटॉपमध्ये कितीही सेटिंग करा काही होणार नाही, पॅनेलच्या रिसीव्हर अॅपलाच ते येत नाही. येत असेल तर पॅनेल सांगतं मला कीबोर्ड येतो, माउस येतो, एका बोटाचा टच येतो, अनेक बोटांचा येतो वगैरे. मग एम४ किंवा एम१४ मध्ये लॅपटॉप सांगतो की यातलं मला हे हे चालेल आणि अमुक पोर्टवर ये. आणि शेवटी एम१५, त्यात ही वाट 'एनेबल' किंवा 'डिसेबल' करायची. म्हणजे बघा, दोघांना यायला पाहिजे, दोघांचं ठरायला पाहिजे, आणि वर कुणीतरी चालू करायला पाहिजे. तिन्हीपैकी एक राहिलं तरी चित्र मात्र मस्त दिसत राहतं, म्हणून माणूस फसतो.

ते चालू करायचं बटण विंडोज १० आणि ११ मध्ये आहे, फक्त सहज दिसत नाही. विंडोज की आणि के एकत्र दाबा, कास्टची पट्टी उघडते, पॅनेलचं नाव निवडून जोडा, आणि जोडल्यानंतर त्याच पट्टीत त्या नावाखाली एक चौकट येते, 'अलाउ माउस, कीबोर्ड, टच अँड पेन इनपुट फ्रॉम धिस डिव्हाइस'. तिच्यात टिक करा. सरांच्या लॅपटॉपचं दुखणं इथंच असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. ती चौकटच येत नसेल तर समजायचं की पॅनेलनं 'नन' सांगितलंय, मग पॅनेलचं फर्मवेअर (आतलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट बघायचं नाहीतर दुसरा उपाय, तो खाली येतोय.

टिक केली तरी टच नाही असं झालं तर फायरवॉल बघा. इथं बरेच जण उलटं समजतात, त्यांना वाटतं लॅपटॉप पॅनेलला पाठवतोय म्हणजे अडथळा पॅनेलकडं असणार. पण वर सांगितलं तसं टचच्या रस्त्यावर ऐकणारा लॅपटॉप आहे, पॅनेल त्याच्याकडं येतंय, आणि लॅपटॉपवर बाहेरची अँटिव्हायरस असली की ती आत येणाऱ्याला दारातच अडवते. क्लासच्या राउटरवरून जोडत असाल, म्हणजे विंडोज १० च्या २०१७ च्या १७०३ आवृत्तीपासून जी राउटरमधून मिराकास्टची सोय आली ती, तर तिथं आणखी एक पोर्ट लागतं, ७२५०, ते पॅनेलच्या बाजूला. आणि राउटरमध्ये 'क्लायंट आयसोलेशन' चालू असेल, गेस्ट वायफायला तर ते बहुतेक असतंच, तर दोन यंत्रं एकमेकांना दिसणारच नाहीत. पण तेव्हा बहुतेक चित्रही येत नाही म्हणून तुमच्याकडं ते नसावं. तुमच्या पॅनेलमध्ये आतला विंडोज पीसी बसवलेला असेल तर तोही रिसीव्हर होऊ शकतो, फक्त 'वायरलेस डिस्प्ले' ही सोय त्यात आधीपासून नसते, ऑप्शनल फीचर्समधून टाकावी लागते आणि मग 'प्रोजेक्टिंग टू धिस पीसी' मध्ये परवानगी द्यावी लागते. पॅनेलच्या अँड्रॉइडमधलं अॅप टच देत नसेल तर हा मार्ग मला जास्त भरवशाचा वाटतो.

आता मॅडमचा लॅपटॉप, टच लागतो पण बाजूला. हा माझ्या आवडीचा विषय आहे आणि यावर जरा वेळ घालवा कारण चूक कुठं आहे ते यंत्रच सांगतं, फक्त बघायची पद्धत पाहिजे.

लॅपटॉपवर पेंट उघडा, पूर्ण स्क्रीन करा, पॅनेलवर जाऊन बोटानं पाच ठिपके काढायचा प्रयत्न करा, चार कोपऱ्यांजवळ चार आणि बरोबर मध्ये एक. प्रत्येक ठिकाणी ठिपका बोटाखाली उमटला का बाजूला, आणि बाजूला तर किती आणि कुठल्या दिशेला, ते कागदावर लिहा. मध्ये बरोबर आणि डावी-उजवीकडं जाईल तसा फरक वाढत गेला तर काळ्या पट्ट्यांचा हिशेब चुकलाय. वरच्या डाव्या कोपऱ्यात बरोबर आणि खाली उजवीकडं जाईल तसा फरक वाढत गेला तर लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १२५ किंवा १५० टक्के स्केल आहे आणि ते सॉफ्टवेअर त्याचा विचार करत नाही, १०० टक्के करून परत पाच ठिपके काढा. सगळीकडं सारखाच फरक असेल तर पॅनेलवर वर किंवा बाजूला कुठलीतरी टूलबार आहे तिच्या उंची-रुंदीएवढं सरकलंय. आणि ठिपका दुसऱ्याच स्क्रीनवर, म्हणजे लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यावर उमटला तर तुम्ही 'एक्स्टेंड' मध्ये आहात आणि टच कुठल्या पडद्याचा ते विंडोजला कळत नाहीये. क्लाससाठी सरळ 'डुप्लिकेट' वापरा. केबलवर असं होत असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये टॅब्लेट पीसी सेटिंग्ज, तिथं सेटअप, आणि पडद्यावर सांगतात त्या स्क्रीनला बोट लावायचं.

काळ्या पट्ट्यांचं गणित एकदा करून दाखवतो, पुतण्यालाही हेच लागणार आहे. मॅडमचा लॅपटॉप समजा १९२० बाय १२००, हल्लीचे बरेच असतात तसे. व्हिडिओ ठरलाय १९२० बाय १०८० चा. १२०० ची उंची १०८० मध्ये बसवायची तर रुंदी पण त्याच प्रमाणात कमी होणार, १७२८ होणार, आणि दोन्ही बाजूला ९६-९६ पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या राहणार. पॅनेल आहे ३८४० बाय २१६०. तुम्ही पॅनेलवर बोट टेकवलं आडवं १०००, उभं १०८० ला. पॅनेलनं ते व्हिडिओच्या मापात आणायचं, निम्मं करायचं, म्हणजे ५०० आणि ५४०. मिराकास्टच्या नियमात हेच आहे, जो व्हिडिओ ठरलाय त्याच्या मापात जागा सांगायची, पॅनेलच्या मापात नाही. इथं पॅनेलचं काम संपलं. आता लॅपटॉपनं ५०० मधून स्वतःची डावी पट्टी ९६ वजा करायची, ४०४, आणि १२०० भागिले १०८० नं गुणायचं, ४४९ आणि ६००. पट्टी वजा करायची विसरली आणि १९२० ला १९२० धरलं तर ५०० च जाणार, म्हणजे ५१ पिक्सेलचा फरक, बोटाच्या जाडीपेक्षा जास्त, आणि मध्यावर ९६० ला मात्र काहीच फरक नाही. म्हणून तो मध्ये बरोबर, कडेला चूक असा प्रकार दिसतो.

यातला नियम असा की चित्राला ज्यानं जे केलं ते त्यानंच उलटं करायचं. पॅनेलनं चित्र मोठं केलं, बाजूला टूलबारसाठी सरकवलं, तर ते पॅनेलनं काढायचं. लॅपटॉपनं पट्ट्या घातल्या, फोननं स्क्रीन आडवा-उभा केला, तर ते त्यानंच काढायचं कारण व्हिडिओच्या आत कुठं पट्टी आहे आणि कुठं खरं चित्र आहे हे पॅनेलला कळायला मार्ग नाही, त्याच्यासाठी काळे पिक्सेल पण पिक्सेलच. उभा फोन घ्या, १०८० बाय २४००. १०८० उंचीच्या व्हिडिओत तो ४८६ रुंदीचा दिसतो आणि दोन्ही बाजूला ७१७-७१७ ची काळी जागा. पॅनेलवाल्यानं हुशारी करून काळं दिसतंय तेवढं कापायला गेलं तर फोनवर रात्रीचा काळा वॉलपेपर लावल्यावर सगळा हिशेब बिघडतो. दोघांनीही पट्टी वजा केली तर दोनदा वजा होते, कुणीच नाही केली तर एकदाही नाही, आणि बाजारातल्या कास्टिंग सॉफ्टवेअरांचा बाजूला लागणारा टच बघितला तर यातलंच काहीतरी निघतं. मॅडमच्या लॅपटॉपवर सध्या तोडगा म्हणजे लॅपटॉपचं रिझोल्यूशनच १९२० बाय १०८० करा, स्केल १०० टक्के, पॅनेलवर कास्टची खिडकी पूर्ण स्क्रीन. मग कुणालाच काही वजा करायला उरत नाही.

त्याच सॉफ्टवेअरबद्दल अजून एक. टच मध्येच एखाद्या ठराविक खिडकीवर चालायचा बंद होतो आणि ती खिडकी बंद केली की परत चालू, असं दिसलं तर घाबरू नका. मार्केट यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्याच्या ऑफिसात हे पाहिलंय, हिशेबाचं सॉफ्टवेअर पुढं आलं की पॅनेलचा टच मेला, बाकी सगळीकडं जिवंत. ते हिशेबाचं सॉफ्टवेअर 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर' नं उघडलेलं होतं. विंडोजचा नियम आहे की साध्या हक्काच्या प्रोग्रॅमनं जास्त हक्काच्या प्रोग्रॅमच्या खिडकीत खोटे क्लिक घालायचे नाहीत, आणि तो नियम योग्यच आहे, नाहीतर कुठलाही व्हायरस तुमच्या वतीनं 'येस' दाबत सुटेल. त्यांना ते साध्या हक्कानं उघडायला लावलं आणि काम झालं. पासवर्ड किंवा परवानगी विचारणारी ती स्क्रीन काळी करून येणारी चौकट असते तिलाही पॅनेलवरून बोट लागत नाही, तिथं लॅपटॉपवरच दाबायचं.

लॅगबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण टच चालू झाला की दुसऱ्या दिवशी तुम्ही हेच विचारणार, की लिहिताना शाई बोटाच्या मागनं येते. टच लॅपटॉपपर्यंत पोचायला काहीच वेळ लागत नाही, वेळ लागतो चित्र परत यायला: लॅपटॉप रेघ काढणार, चित्र दाबणार, हवेतनं पाठवणार, पॅनेल उलगडणार, दाखवणार. त्यामुळं टचची सेटिंग बदलून हे सुधारत नाही. ५ गिगाहर्ट्झ वापरा, २.४ वर विश्रामबागसारख्या भागात एवढे राउटर आहेत की मोकळी जागाच नाही आणि ब्लूटूथ पण तिथंच. आणि लॅपटॉप एकीकडं राउटरला एका चॅनेलवर आणि दुसरीकडं पॅनेलला वाय-फाय डायरेक्टनं दुसऱ्या चॅनेलवर असेल तर त्याच्या एकाच रेडिओला इकडंतिकडं उड्या माराव्या लागतात, त्यात चित्र अडखळतं. कास्ट करताना राउटरचं वायफाय सोडून बघा, फरक पडला तर कारण सापडलं. एवढं करूनही फळ्यासारखं लिहायचं असेल तर माझं स्पष्ट मत आहे, वायरलेसवरून लॅपटॉपमध्ये लिहू नका. पॅनेलच्या स्वतःच्या व्हाइटबोर्डवर किंवा वरून लिहायच्या अॅनोटेशनवर लिहा, तिथं शाई पॅनेलमध्येच उमटते, आणि परतीचा टच फक्त पान उलटायला, व्हिडिओ थांबवायला, क्लिक करायला ठेवा. त्यासाठी तो उत्तम आहे.

अँड्रॉइड फोनचं. तिथं अडथळा वेगळा आहे. अँड्रॉइडमध्ये दुसऱ्या अॅपवर खोटा टच घालायची परवानगी साध्या अॅपला मिळतच नाही, ती सिस्टिमच्या सहीच्या अॅपला असते, म्हणजे फोन बनवणाऱ्यानंच यूआयबीसी दिलं असेल तर चालेल नाहीतर नाही. गुगलच्या पिक्सेल फोनात तर मिराकास्टच देत नाहीत, तिथं गुगल कास्ट आहे आणि त्याच्या मिररिंगमध्ये टच परत येत नाही. पॅनेलवाले जे अॅप देतात ते अॅक्सेसिबिलिटीची परवानगी मागतात, अँड्रॉइड ७ पासून त्या परवानगीनं अॅपला स्क्रीनवर बोट फिरवता येतं. चालतं ते. पण सर, ही परवानगी फार मोठी आहे, तिच्यानं अॅपला स्क्रीन वाचताही येतो आणि दाबताही येतो, आणि ज्या फोनवर बँकेचं अॅप आणि ओटीपी येतात त्या फोनवर ती कायम चालू ठेवणं मला अजिबात पटत नाही. क्लासचा वेगळा फोन असेल तर ठेवा, नाहीतर तास संपला की बंद करा. मी स्वतः फोनसाठी एससीआरसीपीवाय वापरतो, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, जेनीमोशनवाल्यांनी २०१८ ला काढलं, फोन यूएसबीनं किंवा वायफायनं लॅपटॉपला जोडायचा, फोनचा स्क्रीन लॅपटॉपवर खिडकीत येतो आणि माउस-कीबोर्ड-टच सगळं परत जातं, फोनमध्ये कुठलंही अॅप राहत नाही. डेव्हलपर ऑप्शनमधलं यूएसबी डीबगिंग चालू करावं लागतं, काम झाल्यावर तेही बंद करायचं.

आयपॅडवर एअरप्ले फक्त चित्र आणि आवाज नेतं, टच परत न्यायची वाट त्यात नाही. जे डोंगल 'आयपॅडचाही टच चालतो' म्हणतात ते बाजूनं ब्लूटूथ माउस बनून आयपॅडला जोडतात, आयपॅडला २०२० च्या १३.४ पासून माउस नीट चालतो म्हणून हे जमतं. पण तो माउस आहे, दोन बोटांनी झूम वगैरे अपेक्षा धरू नका. आयपॅड हातात धरून पेन्सिलनं लिहा, पोरांना पॅनेलवर दिसतंय, पाठ पण फिरवावी लागत नाही.

मराठी टायपिंग कुणीतरी विचारेलच म्हणून. पॅनेलचा ऑनस्क्रीन मराठी कीबोर्ड उघडून त्यावर क ख ग दाबलं तर यूआयबीसीच्या साध्या प्रकारात ते लॅपटॉपला पोचत नाही, कारण त्यात कळीचा कोड आस्कीतला, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जुन्या संचातला जातो, देवनागरीला त्यात जागा नाही. उपाय सोपा आहे, मराठी कीबोर्ड लॅपटॉपवर चालू ठेवा आणि लॅपटॉपचाच ऑनस्क्रीन कीबोर्ड उघडा, तो पॅनेलवर दिसणारच, त्याच्यावर बोटानं दाबा. मग पॅनेलकडून फक्त 'इथं बोट लागलं' एवढंच जातं आणि अक्षर लॅपटॉप ठरवतो.

आता पुतण्यासाठी. बाळा, सुरुवात कोऱ्या कागदावरून करू नकोस. रास्पबेरी पायसाठी लेझीकास्ट नावाचा ओपन सोर्स रिसीव्हर आहे, लिनक्ससाठी मिराकलकास्ट आहे, दोन्हीत यूआयबीसीचं काम झालेलं आहे, ते वाच. इनपुटचे दोन प्रकार आहेत, जेनेरिक आणि एचआयडीसी. जेनेरिकमध्ये तू अर्थ लावून पाठवतोस, अमुक जागी बोट टेकलं. एचआयडीसीमध्ये यूएसबी किंवा ब्लूटूथ कीबोर्ड-माउस जो कच्चा रिपोर्ट देतो तोच पुढं ढकलतोस आणि अर्थ सोर्स लावतो. आधी जेनेरिक कर, तपासायला सोपं. शीर्षक चार बाइटचं, त्यात आवृत्ती, वेळेचा शिक्का आहे की नाही, प्रकार आणि लांबी. मग घटनेचा क्रमांक एका बाइटात, ० म्हणजे टेकलं, १ म्हणजे उचललं, २ म्हणजे सरकलं, ३ आणि ४ कळ दाबली-सोडली. मग दोन बाइट लांबी, एका बाइटात किती बोटं, आणि प्रत्येक बोटाला एक बाइट ओळख क्रमांक, दोन बाइट आडवं, दोन बाइट उभं. मोठा बाइट आधी. हे उलटं झालं तर आडवं ५०० चं ६२४६५ होतं आणि टच स्क्रीनच्या बाहेर जाऊन गायब होतो, कुठं एरर येत नाही, म्हणून टच पूर्ण गायब असेल तर पहिल्यांदा हेच बघ.

ही वाट टीसीपीवर आहे, चित्रासारखी यूडीपीवर नाही, आणि ते बरोबरच आहे कारण चित्राची एक चौकट हरवली तर पुढची येते पण 'बोट उचललं' हा संदेश हरवला तर सोर्सला वाटतं बोट अजून दाबलेलंच आहे. पण टीसीपीचा स्वभाव असा की एक पाकीट अडकलं की मागची सगळी रांगेत थांबतात, आणि टच पॅनेल सेकंदाला शंभरच्या वर 'सरकलं' पाठवू शकतं. मग वायफाय क्षणभर अडखळलं की जुन्या सरकण्यांचा ढीग साचतो आणि मोकळं झाल्यावर कर्सर पळत सुटतो. म्हणून तुझ्याकडं अजून न पाठवलेली 'सरकलं' साचली असतील तर जुनी फेकून शेवटचं ठेव. टेकलं आणि उचललं मात्र एकही फेकायचं नाही आणि त्यांचा क्रमही बदलायचा नाही. नागल अल्गोरिदम बंद कर, टीसीपी नोडिले लाव, नाहीतर एवढी छोटी पाकिटं एकत्र करायला म्हणून टीसीपी उगीच थांबवून ठेवतं.

आणि लाइट जाण्याचा विचार कर, आपल्याकडं तो करावाच लागतो. पॅनेलवर मॅडम एखादं चित्र ओढत असताना लाइट गेली, पॅनेल बंद, लॅपटॉप बॅटरीवर चालूच. 'उचललं' कधी आलंच नाही. नीट लिहिलेला सोर्स जोडणी तुटली किंवा एम१६ च्या हजेरीला उत्तर आलं नाही की दाबलेली सगळी बोटं आणि कळा स्वतःहून सोडतो. तू सोर्स लिहिलास तर हे पहिल्या दिवशी घाल. सिंक लिहीत असशील तर अॅप बंद होताना, कास्टची खिडकी लहान करताना, फोन आडवा-उभा होऊन रिझोल्यूशन बदलताना, प्रत्येक वेळी जी बोटं खाली आहेत त्यांना आधी 'उचललं' पाठव मग बाकीचं कर. हे न केल्यामुळं लॅपटॉप हँग झाल्यासारखा वाटतो आणि लोक बिचारे रीस्टार्ट करत बसतात.

परवानगीचं पण त्याच्यात घाल. टच परत घेणं म्हणजे लॅपटॉपची चावी पॅनेलसमोर उभा असेल त्याच्या हातात देणं, क्लासमध्ये मधल्या सुट्टीत पोरं पॅनेलशी खेळणारच आणि मॅडमचं मेल उघडं असेल तर ते त्यांच्या बोटाखाली आहे. म्हणून दर जोडणीला सोर्सवर विचारलं गेलं पाहिजे, मागच्या वेळी हो म्हटलं होतं म्हणून आज आपोआप चालू असं नको. आणि सर, तुम्ही पण मधल्या सुट्टीत लॅपटॉप लॉक करत जा.

राहिला प्रश्न नवीन काही घ्यायचं का याचा. लॅपटॉप बदलत राहणार असतील, बाहेरून पाहुणे शिक्षक येणार असतील तर यूएसबी-सीचं बटणवालं वायरलेस ट्रान्समीटर बघा, त्यातल्या टच परत देणाऱ्या प्रकारात ते लॅपटॉपला साधी यूएसबी टच स्क्रीन म्हणून दिसतं, विंडोजला वेगळं काही टाकावं लागत नाही. मॅकवाल्यांना बहुधा ड्रायव्हर आणि अॅक्सेसिबिलिटीची परवानगी लागेल. आणि एकाच वर्गात एकच लॅपटॉप रोज चालणार असेल तर मी केबलच घालायला सांगेन, तुमचं टेबल पॅनेलपासून जवळ आहे, यूएसबी २ ची साधी केबल ५ मीटरपर्यंत चालते, त्याच्यापुढं अॅक्टिव्ह एक्स्टेन्शन लागतं, भिंतीतून पट्टी मारून घेतली की पायात पण येत नाही. ट्रान्समीटर घ्यायचं ठरलं तर दुकानात त्यांच्या लॅपटॉपवर डेमो बघून पैसे देऊ नका, मॅडमचा लॅपटॉप सोबत न्या, स्केल १५० टक्के ठेवा, आणि तिथंच पेंट उघडून ते पाच ठिपके काढून बघा.